मार्गदर्शक कुत्रा, सोसायटीची नोटीस आणि तुमच्या भावाचा हक्क

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुमचा भाऊ पूर्ण दृष्टिहीन आहे. अमेरिकेत शिकत असताना तिथल्या संस्थेकडून त्याला प्रशिक्षित लॅब्राडोर मिळाला. आता मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी लागली म्हणून तो कुत्र्याला घेऊन नागपूरला परत आला आहे. मनीषनगरातल्या तुमच्या फ्लॅट स्कीमने ‘कुत्रा १५ दिवसांत हलवा, तोवर लिफ्ट वापरू नका’ अशी नोटीस दिली आहे. मॉलच्या दारात चौकीदाराने अडवलं आणि धरमपेठेतल्या एका हॉटेलात ‘कुत्रा बाहेर बांधा, मग बसा’ असं ऐकावं लागलं. तुम्ही विचारता, गाइड डॉगला सगळीकडे प्रवेश देणारं कलम कोणतं, म्हणजे ते छापून सोबत ठेवता येईल.

असं एका ओळीचं कलम आपल्याकडे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला तरी त्यात कुत्र्याचा शब्द सापडणार नाही. तुमच्या भावाला सवय आहे ती अमेरिकेच्या कायद्याची. तिथे दुकानदाराला दोनच प्रश्न विचारता येतात: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागणारा सेवा-कुत्रा आहे का, आणि त्याला कोणतं काम शिकवलेलं आहे. कागद मागता येत नाही, आजाराबद्दल चौकशी करता येत नाही. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्याने टॅक्सीवाल्यांवर मार्गदर्शक कुत्रा नेण्याची स्पष्ट जबाबदारीच टाकलेली आहे. आपल्याकडे इतकं नेमकं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे इंटरनेटवरून अमेरिकेचे नियम छापून चौकीदाराला दाखवलेत तर तो ते मॅनेजरला दाखवेल, मॅनेजर वकिलाला, आणि वकील तुमच्यावर हसेल.

पण हक्क नाही, असं मी म्हणत नाही. हक्क आहे, फक्त तो कुत्र्याचा नसून तुमच्या भावाचा आहे. माझं सगळं उत्तर याच एका गोष्टीवर उभं आहे. ‘माझ्या कुत्र्याला आत येऊ द्या’ ही मागणी आपल्या कायद्यात दुबळी ठरते. ‘मला आत येऊ द्या, आणि मी असाच येऊ शकतो’ ही मागणी भक्कम आहे.

का, ते सांगते. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या या कायद्याचं कलम ३ दिव्यांग व्यक्तीशी भेदभाव करायला मनाई करतं. भेदभाव कशाला म्हणायचं ते कलम २(ह) सांगतं, आणि त्यात ‘वाजवी सोय नाकारणं’ हाही भेदभावच धरला आहे. वाजवी सोय म्हणजे त्या माणसाला इतरांच्या बरोबरीने वावरता यावं म्हणून केलेला आवश्यक बदल, जो समोरच्यावर अवाजवी बोजा टाकत नाही. साखळीत बांधलेला, शिकवलेला, मालकाच्या पायाशी बसून राहणारा कुत्रा आत येऊ देण्यात हॉटेलवाल्याचा किंवा सोसायटीचा खर्च किती होतो? जवळपास शून्य. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व फार मोकळेपणाने समजावलं आहे. ते प्रकरण परीक्षेत लेखनिक मिळण्याचं होतं, पण न्यायालयाने सांगितलं की सोय त्या त्या माणसाच्या गरजेप्रमाणे ठरली पाहिजे, आणि त्यासाठी त्याच्याशी बोललं पाहिजे. सरसकट नियम दाखवून हात झटकता येत नाहीत. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही कलम २० मध्ये दिव्यांगांच्या हालचालीसाठी साधनांबरोबर ‘सजीव साहाय्य’ आहे. २०१६ चा कायदा तोच करार अमलात आणण्यासाठी केला, असं त्याची प्रस्तावनाच म्हणते.

आता समोरच्याची बाजू. कलम ३(३) मध्येच एक पळवाट आहे: एखादं कृत्य ‘वैध उद्दिष्ट साधण्याचा प्रमाणशीर मार्ग’ असल्याचं दाखवून देता आलं तर तो भेदभाव ठरत नाही. तुमच्याशी वाद घालणारा प्रत्येक जण, त्याला हे कलम माहीत असो वा नसो, याच दारातून आत शिरणार. कुणी स्वच्छतेचं नाव घेईल, कुणी लहान मुलांच्या सुरक्षेचं, कुणी ॲलर्जीचं. ही उद्दिष्टं खोटी नाहीत. प्रश्न फक्त ‘प्रमाणशीर’ या शब्दाचा आहे, आणि तो जागेनुसार बदलतो. म्हणून आता एकेक जागा घेऊ.

सोसायटीपासून सुरुवात करते, कारण तिथे घड्याळ चालू आहे. कायद्याच्या कलम २ मध्ये ‘खाजगी आस्थापना’ची व्याख्या दिली आहे. तिच्यात कंपन्या आणि न्यासांबरोबर सहकारी संस्था, इतर संस्था आणि संघटनाही येतात. लोकांना वाटतं हा कायदा सरकारी कचेऱ्यांपुरता आहे. तुमची स्कीम सहकारी गृहनिर्माण संस्था असो, की नागपुरात बऱ्याच इमारतींची असते तशी १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालची ओनर्स असोसिएशन असो, ती या व्याख्येत बसते असं मी ठामपणे मांडेन. (तुमची इमारत नेमकी कोणत्या कायद्याखाली आहे ते आधी बघा. सहकारी संस्था असेल तर उपनिबंधकांकडे जाण्याचा जास्तीचा रस्ता मिळतो.)

पुढची पायरी बहुतेक वकीलही विसरतात. केंद्राच्या २०१७ च्या नियमांतला नियम ३ म्हणतो की दिव्यांग व्यक्तीने भेदभावाची तक्रार सरकारी आस्थापनेच्या, किंवा वीस वा जास्त माणसं कामाला असलेल्या खाजगी आस्थापनेच्या प्रमुखाकडे केली, तर त्याने दोनपैकी एक गोष्ट केलीच पाहिजे. एकतर कायद्याप्रमाणे कारवाई, नाहीतर आपलं कृत्य प्रमाणशीर कसं आहे ते लेखी कळवणं. सोसायटीत तेवढे कर्मचारी नसतील तर तिला हे बंधन लागत नाही, तरी असं लेखी उत्तर मागायला हरकत नाही. हा नियम मला फार आवडतो. सोसायटीच्या बैठकीत ‘आम्हाला कुत्रा नको’ म्हणणं सोपं असतं. तेच वाक्य सचिवाच्या सहीने, लेटरहेडवर, कारणांसकट लिहायची वेळ आली की पेन अडकतं. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात पांढरी काठी वापरणाऱ्या पक्षकाराला एका दुकानाच्या दारात अडवलं होतं. नियम ३ चा हवाला देऊन लेखी कारण मागितलं, आणि कारण यायच्या ऐवजी माफीचं पत्र आलं. दरवेळी असं होईलच असं नाही, पण सुरुवात याच पत्राने करायची.

पत्रात काय असावं? भावाच्या नावाने आणि भावाच्या सहीने लिहा. तुमच्या नावाने नको, हक्क त्याचा आहे. अपंगत्व, कुत्र्याचं प्रशिक्षण आणि त्याचं काम दोन-तीन वाक्यांत सांगा: रस्ता ओलांडताना थांबवणं, जिना दाखवणं, अडथळा टाळणं. मग मागणी मांडा: कुत्रा घरात ठेवणं, लिफ्ट वापरणं आणि आवारातून ये-जा करणं ही वाजवी सोय आहे, कलम २ व ३ पाहावं, नोटीस मागे घ्यावी, नाहीतर नियम ३ प्रमाणे लेखी कारण द्यावं. आणि शेवटी स्वतःहून चार अटी स्वीकारा: आवारात कायम पट्टा, घाण लगेच उचलणं, लसीकरणाची प्रत सचिवांकडे, लिफ्टमध्ये कुणाला भीती वाटत असेल तर पुढची फेरी घेणं. न्यायालयात गेल्यावर हीच चार वाक्यं सर्वात जास्त कामाला येतात. आपण मधला रस्ता दिला होता आणि समोरच्याने दार बंद केलं, हे कागदावर राहतं.

तुम्ही म्हणाल, भारतीय पशू कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रकच आहे की, सोसायटीला बहुमतानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. आहे, आणि पत्राच्या शेवटी त्याचा उल्लेख जरूर करा. पण सुरुवात त्याने करू नका. त्यावर भर दिला की तुमच्या भावाचं प्रकरण शेजारच्या पॉमेरेनियनच्या रांगेत जाऊन बसतं, आणि मग चर्चा भुंकण्यावर आणि पार्किंगमधल्या घाणीवर घसरते. प्राणीप्रेमी आणि कुत्राद्वेष्टे यांच्या जुन्या भांडणात तुमच्या भावाला ढकलू नका.

हॉटेलचं प्रकरण जास्त अवघड आहे, आणि ते तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या परवाना नियमांचं परिशिष्ट ४ काढून बघा. प्राणी आणि पक्षी अन्न-आस्थापनेच्या जागेत येऊ देऊ नयेत अशा अर्थाचं वाक्य त्यात आहे. हॉटेलवाला ते दाखवेल, आणि ते खोटं नसेल. वर दिव्यांग कायद्याचं कलम ९६ म्हणतं की हा कायदा इतर कायद्यांना पूरक आहे, त्यांना मागे सारणारा नाही. म्हणजे ‘आमचा कायदा मोठा’ असं म्हणून विषय संपत नाही.

मग मी काय मांडेन? ते वाक्य कीड आणि अस्वच्छता रोखण्याच्या नियमांबरोबर आलेलं आहे. त्याचा उद्देश अन्न दूषित होऊ नये हा आहे. त्या उद्देशासाठी कुत्रा स्वयंपाकघरात, कोठारात, वाढणीच्या टेबलाजवळ येऊ न देणं प्रमाणशीर आहे. पण कोपऱ्यातल्या टेबलाखाली पट्ट्यात बसलेल्या कुत्र्यामुळे दृष्टिहीन माणसाला जेवायलाच नाकारणं प्रमाणशीर नाही. शिवाय ‘प्राण्यांना सोबत आणा’ म्हणून जाहिरात करणारे कॅफे याच नियमांखाली चालतात. एखादं हॉटेल पैसे देणाऱ्या पाळीव प्राण्यांना आत घेतं आणि कामाच्या कुत्र्याला बाहेर ठेवतं, तर त्याची स्वच्छतेची सबब तिथेच संपते. हा युक्तिवाद चांगला आहे असं मला वाटतं, पण जिंकण्याची हमी मी देणार नाही. म्हणून हॉटेलबाबत माझा व्यवहारी सल्ला असा: आधी फोन करा, कोपऱ्यातलं टेबल मागा, गर्दीची वेळ टाळा. कायदा शेवटी काढा.

‘बाहेर बांधा’ या वाक्याबद्दल मात्र मला राग आहे. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात फुटपाथवर कुत्रा बांधून ठेवणं हे प्राण्यांशी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या आत्म्याच्या विरुद्ध आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तेवढा वेळ तुमचा भाऊ आत एकटा, हॉटेलच्या माणसाच्या दयेवर. कुणी चाकाची खुर्ची बाहेर ठेवून आत सरपटत या असं म्हणत नाही, तर कुत्र्याबद्दलही म्हणू नये.

मॉल सोपा आहे. तिथे अन्नाचा नियम फूड कोर्टापुरता. मॉलच्या व्यवस्थापनाला सोसायटीसारखंच पत्र पाठवा आणि चौकीदारांसाठी लेखी सूचना काढायला सांगा. अडवणारा माणूस बारा तास उभं राहून वरच्यांचा हुकूम पाळत असतो. त्याच्याशी भांडून काही मिळत नाही, मॅनेजरचं नाव लिहून घ्या.

एक नवी अडचण येऊ शकते. ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस स्थानकं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातून भटके कुत्रे हटवायचा आदेश दिला. दारावरचे लोक त्याचा अर्थ ‘कुत्रा दिसला की बाहेर’ असा घेऊ शकतात. तो आदेश भटक्या कुत्र्यांबद्दल आहे, पट्ट्यात असलेल्या मालकीच्या कुत्र्याशी त्याचा संबंध नाही. हे एका वाक्यात सांगता यावं म्हणून लक्षात ठेवा.

रुग्णालयात शस्त्रक्रिया विभाग आणि अतिदक्षता विभागात कुत्रा नाकारणं योग्यच आहे, तिथे वाद घालू नका. बाह्यरुग्ण विभागात, औषधाच्या रांगेत मात्र मागणी करा. देवळांबद्दल माझं मत कदाचित तुम्हाला पटणार नाही: विश्वस्तांशी बोला, मंडपापर्यंतची सोय मागा, आणि नाही म्हणाले तर पहिली लढाई तिथे लढू नका. कायद्याचा प्रश्न तिथे श्रद्धेच्या प्रश्नात मिसळतो आणि दोन्ही बाजूंनी गढूळ होतो.

नोकरीच्या ठिकाणी तुमचा भाऊ सर्वात मजबूत आहे. कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. रुजू होण्याआधीच एचआरकडे ते मागा, आणि कुत्र्यासाठी बसायची जागा, पाणी आणि दिवसातून दोन वेळा बाहेर नेण्याची सवड या तीन गोष्टी लेखी घ्या. शेजारच्या सहकाऱ्याला ॲलर्जी असेल तर त्याचीही सोय कंपनीने करायची, टेबलं लांब ठेवून. कंपनी या सोयीचा खर्च भावाकडून मागू शकत नाही. त्याच नियम ३ मध्ये तसं स्पष्ट आहे.

प्रवासाचं थोडक्यात. विमानात दिव्यांग प्रवाशाच्या मदतीची सूचना निदान ४८ तास आधी द्यायची असते. कुत्र्याचा उल्लेख तिकीट काढतानाच करा आणि कंपनीचं उत्तर ईमेलवर घ्या. २०१६ मध्ये जीजा घोष प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रवासी महिलेला विमानातून उतरवल्याबद्दल १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली होती. विमान कंपन्यांच्या विधी विभागाला ते नाव चांगलं ठाऊक आहे. रेल्वेत कुत्र्यांसाठीचा सर्वसाधारण नियम प्रथम वर्ग वातानुकूलित डब्यातलं पूर्ण कूपे किंवा केबिन, नाहीतर ब्रेक व्हॅन. मार्गदर्शक कुत्र्याला ब्रेक व्हॅनमध्ये टाकण्यात काही अर्थच नाही, म्हणून प्रवासाच्या बऱ्याच आधी विभागीय व्यवस्थापकांच्या कार्यालयाला लेखी विनंती करा आणि उत्तराची प्रत सोबत ठेवा. ऑटोवाल्याने नकार दिला तर मोटार वाहन कायद्याचं कलम १७८ आहे, गाडीचा नंबर घेऊन आरटीओकडे तक्रार करता येते. पण खरं सांगते, ओळखीचे दोन ऑटोवाले ठरवून टाकणं जास्त उपयोगी पडेल.

सोबतच्या कागदांचं एक पाकीट करा. भावाचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), प्रशिक्षण संस्थेचं पत्र आणि त्याचा एका पानाचा मराठी अनुवाद, रेबीज लसीची नोंद, महानगरपालिकेचा कुत्र्याचा परवाना. कायद्याने यातलं सगळंच प्रत्येक दारात दाखवायची सक्ती आहे असं नाही, पण मार्गदर्शक कुत्रा आपल्याकडे इतका विरळा आहे की समोरच्याने तो आयुष्यात पाहिलेला नसतो. कुत्र्याच्या अंगावर त्याचा हार्नेस असू द्या. आणि पैसे घेऊन ‘सर्व्हिस डॉग’ प्रमाणपत्र देणाऱ्या संकेतस्थळांच्या नादी कुणीही लागू नये. त्यांना कायद्यात किंमत नाही, उलट खऱ्या माणसांवरचा संशय वाढतो.

पत्रांना दाद मिळाली नाही तर पुढे तीन रस्ते आहेत. पहिला, पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार. त्यांना साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. पण शेवटी ते शिफारस करतात, आणि ज्या प्राधिकरणाला शिफारस केली त्याने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं. वकील लागत नाही, तक्रार पाठवायला पुण्याला जावं लागत नाही. दुसरा रस्ता ग्राहक आयोगाचा, हॉटेल-मॉलसारख्या पैसे घेऊन सेवा देणाऱ्यांसाठी. घटनेपासून दोन वर्षांच्या आत दाखल करा. तिसरा, सिव्हिल लाइन्समधलं उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ, पण ते सरकारी यंत्रणेविरुद्ध जास्त उपयोगी. खाजगी सोसायटीविरुद्ध थेट रिट याचिका टिकवणं कठीण जातं.

फौजदारी बाजू विचारलीत म्हणून सांगते. कायदा मोडल्याबद्दल कलम ८९ खाली पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत दंड आहे, पुन्हा मोडला तर ५० हजार ते ५ लाख. कलम ९२ जास्त कडक आहे, ६ महिने ते ५ वर्षं कैद. पण ते चारचौघांत अपमान करण्याच्या हेतूने केलेल्या कृत्यासाठी आहे. लिफ्टमध्ये न घेणं त्यात आपोआप येत नाही. शेजाऱ्याने भावाला उद्देशून आंधळेपणावरून सगळ्यांसमोर शिव्या दिल्या तर येऊ शकतं. कुत्र्याला ठार मारलं, जायबंदी केलं किंवा विष घातलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, तिथे मात्र त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जा आणि पशुवैद्याचा अहवाल घ्या.

पैशाची काळजी तुम्ही दोनदा लिहिली आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, किंवा १५१०० वर फोन करा. नोटिशीची मूळ प्रत, मिळाल्याची तारीख आणि आधी झालेल्या बैठकीचं इतिवृत्त असेल तर तेही घेऊन भावालाच सोबत न्या. १५ दिवस संपायच्या आत उत्तराचं पत्र सचिवांच्या हाती पोच घेऊन द्या, आणि एक प्रत नोंदणीकृत डाकेने पाठवा. लिफ्टचा प्रश्न मात्र उत्तराची वाट बघत थांबवू नका. सचिवांना आजच भेटून सांगा की निर्णय होईपर्यंत लिफ्ट बंद ठेवण्याचा लेखी ठराव असेल तर त्याची प्रत द्या. नसेल तर भावाने उद्या सकाळी कुत्र्याला घेऊन लिफ्टनेच खाली उतरावं.